परत द्यायची बरणी

ठोकून पाहिल्याशिवाय या जगातली एकही वस्तू खरी आहे यावर आमच्या काकांचा विश्वास बसत नाही. कलिंगड, भिंत, नव्या गाडीचं छप्पर, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा तीन मजली केक आणि समोर सदरा काढून बसलेला पेशंट ही त्यांच्या लेखी सगळी एकाच जातीची मंडळी. डाव्या हाताचं मधलं बोट वस्तूवर सपाट टेकवायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करायचं, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि मग निदान सांगायचं. काका माझे सख्खे काका नाहीत. माझ्या सासऱ्यांचे मेडिकल कॉलेजातले मित्र, फार वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलेले आणि इथल्या एका इस्पितळात जन्मभर छातीचे डॉक्टर म्हणून राहिलेले. लग्न होऊन मी जर्सी सिटीत आले तेव्हा आम्ही घेत असलेलं भाड्याचं अपार्टमेंट तपासायला सासऱ्यांनी त्यांनाच पाठवलं होतं. एजंटच्या देखत त्यांनी सगळ्या भिंती ठोकल्या आणि डाव्या भिंतीत पाणी झालंय असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्या हिवाळ्यात पाइप फुटला खरा, पण उजव्या भिंतीतला. हे मी फोनवर कळवलं तेव्हा काका मुळीच वरमले नाहीत. भिंतीची डावी म्हणजे आपली उजवी, पेशंट नेहमी आपल्याकडे तोंड करून बसतो, हे फर्स्ट इयरच्या पोरालाही कळतं, असं म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं.

काका फर्डं इटालियन बोलतात असा आमच्या इथल्या मराठी मंडळात बोलबाला आहे. तो त्यांनी स्वतःच पसरवलेला आहे. त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्या इस्पितळात येणारे निम्मे पेशंट इटलीहून आलेले गवंडी, पाववाले आणि त्यांच्या काळ्या कपड्यांतल्या विधवा बायका. त्यांना इंग्रजी येत नसे आणि काकांचं इंग्रजी नर्सनाही कळत नसे. तेव्हा काकांनी पेशंटांकडूनच जेवढी लागेल तेवढी भाषा उचलली. जेवढी लागेल तेवढी म्हणजे पाच वाक्यं: सदरा काढा, लांब श्वास घ्या, सोडा, खोका, आणि त्रेंतात्रे म्हणा. त्रेंतात्रे म्हणजे तेहतीस. तिकडचे डॉक्टर पेशंटच्या पाठीवर तळवा ठेवून त्याला तेहतीस म्हणायला लावतात, म्हणजे आवाजाची घरघर हाताला जाणवते आणि आतलं फुप्फुस कसं आहे ते कळतं. एवढ्या भांडवलावर काका कुठल्याही इटालियन हॉटेलात बिनधास्त जातात. एकदा आम्हाला जेवायला नेलं असताना त्यांनी पास्ता घेऊन आलेल्या पोरसवदा वेटरला प्रेमाने लांब श्वास घ्यायला सांगितला. त्याने बिचाऱ्याने घेतला, आणि पुढे काय करायचं म्हणून प्लेट हातात धरून तसाच उभा राहिला. माझी मुलगी त्यांना थर्टी-थ्री अंकल म्हणते. त्यांचं खरं नाव तिला आजही माहीत नाही.

काकू होत्या तोवर या सगळ्या प्रकाराला घरात एक बांध होता. काकू कमी बोलायच्या आणि एकदा म्हणालेलं बदलायच्या नाहीत. काकांनी पाहुण्यांच्या घरचं काही ठोकायला हात उचलला की त्या नुसतं "अहो" म्हणायच्या, आणि हात खाली यायचा. त्या गेल्यावर काकांना अडवणारं कुणी राहिलं नाही. मोठं घर, मागे अंगण, देशाच्या दुसऱ्या टोकावरच्या सनीव्हेलहून दर रविवारी फोन करून घर विकायचा आग्रह करणारा मुलगा, आणि दिवसभर करायला काहीच नाही. अशात शेजारच्या गावात त्यांना एक इटालियन केंद्र सापडलं.

ती पूर्वी एक बेकरी होती. बंद पडल्यावर गावातल्या इटालियन मंडळींनी ती घेऊन तिथे सांस्कृतिक केंद्र काढलं. आपापल्या आजी-आजोबांच्या मुलखातली चित्रं, भांडी, फरशा, मातीची खेळणी तिथे मांडली. पाव विकायचं दुकान होतं तिथे सिसिलीच्या रंगीत फरशा आणि राजाराणीच्या मुंडक्यांच्या आकाराच्या कुंड्या. पीठ मळायच्या खोलीत उम्ब्रियाच्या सोनेरी झाकेच्या थाळ्या. आणि मागच्या भल्यामोठ्या विटांच्या भट्टीत, जिथे कधीकाळी पाव भाजले जायचे, तिथे दिवे लावून ठेवलेली पुलियाची भांडी, म्हणजे इटलीच्या अगदी दक्षिण टोकाकडची, कोंबडा रंगवलेले गडू आणि तेलाच्या, ऑलिव्हच्या जाडजूड बरण्या. रविवारी मागच्या खोलीत कॉफी असते आणि कमिटीच्या बायकांचं भांडण असतं. दर्शनी काचेत कुणाच्या मुलखाची थाळी लावायची यावर सिसिलीवाल्या आणि पुलियावाल्या एकमेकींशी महिना महिना बोलत नाहीत. आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणात पुणेरी आमटी की नागपुरी वडाभात यावरून कमिटी फुटलेली मी पाहिलेली असल्यामुळे मला तिथे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं.

काकांचा तिथला पहिला दिवस मात्र बरा गेला नाही. आत शिरल्यावर त्यांनी कुणाला काही न विचारता सिसिलीच्या एका राणीचं डोकं ठोकलं. धोक्याची घंटा वाजली, दोन बायका धावत आल्या, आणि संचालिकेने त्यांना हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. ही संचालिका म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेली, करड्या स्वभावाची बाई. काका पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. शेवटी संचालिकाच नमली. त्यांना तिने दालनं दाखवणारा स्वयंसेवक केलं, पांढरे हातमोजे दिले, आणि ठोकण्यासाठी दारापाशी एक स्वतंत्र भांडं ठेवून दिलं. ही हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली साधी कुंडी होती. हात शिवशिवायला लागले की काका बाहेर येऊन ती ठोकून जात.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सनीव्हेलच्या मुलाने फोनवरूनच त्यांची गाडी बंद केली. तेव्हापासून रविवारी त्यांना केंद्रात नेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे त्यांची ती दालनं दाखवण्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. ते ओपीडीच चालवतात. एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी बाकावर बसायचं. उम्ब्रियाची थाळी दाखवताना झाकेपेक्षा तिच्या तड्याबद्दल जास्त बोलायचं. पुलियाची गोल फुगीर बरणी आली की ही जन्मभर विड्या ओढणाऱ्या माणसाची छाती आहे, अशीच पुढे येते, असं सांगायचं. आणि पाहुणा म्हातारा असला तर भांडी बाजूला ठेवून त्याचीच चौकशी सुरू. तुमचं मूळ गाव कुठलं, आजोबा काय करायचे, गवंडी होते का, त्यांना खोकला होता का, ते कुठल्या रस्त्यावर राहायचे. एक आजीबाई तर चिडून निघून गेल्या. मलाही हे अती वाटत होतं, आणि एका रविवारी परत येताना मी गाडीत तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "अगं, मला ती बरणी परत द्यायची आहे ना."

त्यांच्या घरातली ती बरणी मला चांगली माहीत होती. वरच्या अंगाला हिरवट काचेचा लेप, पोटाखाली कोरी लाल माती, दोन कान, त्यातला एक कान कुणीतरी सिमेंटने डागडुजी केलेला, आणि तोंडाला कायम पांढरा दादरा बांधलेला. त्यात काकूंचं लिंबाचं लोणचं असे. घरात कुणीही तिला बरणी म्हणायचं नाही, "परत द्यायची" म्हणायचं. परत द्यायचीवर ऊन आलंय का बघ, परत द्यायची जरा सरकव. मी सून म्हणून नवीन होते तेव्हा मला वाटलं होतं की कुठल्यातरी मैत्रिणीची असेल, देतील कधीतरी. खरी हकिगत काकांनी त्या दिवशी गाडीत सांगितली.

ते या देशात नवे असताना त्यांच्या वॉर्डात पुलियाकडचा एक इटालियन गवंडी आला. दगडाच्या धुळीने छाती पोखरलेली. तेव्हा बहुतेक पेशंट या सावळ्या डॉक्टरला बघून दुसरा डॉक्टर मागायचे. या गवंड्याने मागितला नाही. उलट हा पोरगा आपल्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहतो, काही बोलत नाही, हे बघून त्यानेच त्याला शिकवलं, की बाबा, आता तू मला त्रेंतात्रे म्हणायला सांगायचं असतं. काकांची ती पहिली इटालियन शिकवणी. गवंडी जरा बरा होऊन घरी गेला, आणि काही दिवसांनी त्याची बायको इस्पितळात येऊन काकांच्या हातात ही बरणी देऊन गेली. आत खारवलेले ऑलिव्ह. काकूंनी तोवर ऑलिव्ह पाहिले नव्हते. कडू आवळ्यांचा काहीतरी प्रकार असेल असं समजून त्यांनी ते धुतले, पुन्हा धुतले आणि गूळ-गोडा मसाला घालून त्यांची भाजी केली. ती भाजी काकांनी संपवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, असं त्याचं कारण त्यांनी दिलं.

बरणी रिकामी झाली आणि तिथेच सगळं अडलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे काकूंना त्यांच्या आईने लहानपणी इतक्या वेळा सांगितलेलं की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. वाटीभर साखर घालून दे, दोन लाडू घाल, पण रिकामं नाही. आता एवढ्या मोठ्या बरणीत घालायचं काय? लाडू तिच्यात बुडाशी बसले असते आणि ओशाळवाणे दिसले असते. शेवटी काकूंनी लिंबाचं लोणचं घातलं. काचेचा लेप खाण्याला चालेल ना म्हणून काकांनी आधी बरणी लॅबमधून तपासून घेतली, आणि एक्स-रेवाल्या मित्राला पटवून तिचा छातीचा फोटोही काढला. तो फोटो अजून त्यांच्या फ्रिजवर आहे. पण लिंबाचं लोणचं मुरायला वेळ लागतो, आणि कच्चं लोणचं परक्याच्या घरी पाठवणं काकूंच्या तत्त्वात बसेना. न्यू जर्सीच्या उन्हात ते मुरता मुरेना. या खिडकीतून त्या खिडकीत काकू बरणी घेऊन उन्हामागे फिरल्या. साली मऊ होऊन लोणचं काकूंच्या मनासारखं लागलं तेव्हा दोघं बरणी घेऊन गवंड्याच्या घरी गेली, तर तिथे दुसरंच कुणी राहायला आलेलं. गवंडी घर विकून मुलाकडे गेला होता. कुठल्या राज्यात, ते शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना.

"त्यांना वाटलं असेल, डॉक्टरीण बाईने बरणी ढापली," काका म्हणाले. "तुझ्या काकूला हे फार लागून राहिलं होतं."

मग काकूंनी एक नियम केला. ती माणसं कधीही दारात उभी राहतील, तेव्हा बरणी भरलेली असली पाहिजे. त्यातलं लोणचं आपलं नाही. कुणाला ताप आला, तोंडाची चव गेली, तर मऊ भाताबरोबर फोडभर काढायचं, पण दर हिवाळ्यात नवी लिंबं घालून बरणी पुन्हा काठोकाठ करायची. आमच्या सगळ्या ओळखीपाळखीत छातीच्या डॉक्टरांच्या घरी तापावर औषध म्हणून लोणचंच मिळायचं. मी बाळंतपणानंतर आजारी होते तेव्हा त्या बरणीतल्या लोणच्यावर जेवले आहे. दुसऱ्या कुणाच्या नावाने ठेवलेलं मी खातेय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकूंनी शेवटची लिंबं घातली ती जायच्या आधीच्या थंडीत. तेव्हापासून काकांनी दादरा सोडलेला नव्हता.

यानंतर केंद्रात त्यांच्या त्या चौकशा मी निमूटपणे ऐकू लागले. कधी कधी बाकावरच्या म्हाताऱ्यांना मीच आधी विचारून ठेवायचे.

त्या शरदात केंद्राने पुलियाच्या घरगुती भांड्यांचं प्रदर्शन ठरवलं. गावातल्या घरांमधून भांडी मागवली. बरणीची गोष्ट काकांनी संचालिकेला सांगितलेली होतीच, तिने ती मांडायला मागितली. काका बरणी मांडीवर घेऊन आले. संचालिकेने उचलून पाहिली, वजन जाणवलं, आणि दादरा सोडायच्या आतच वास आला. खाण्याचे पदार्थ दालनात ठेवायचे नाहीत, मुंग्या लागतात, हा तिथला नियम. तिने सांगितलं, रिकामी करून धुऊन आणा. काका म्हणाले, रिकामी देता येत नाही. ती म्हणाली, भरलेली घेता येत नाही. दोन्ही बाजू सभ्य होत्या आणि दोन्ही हटायला तयार नव्हत्या. आम्ही बरणीला सीटबेल्ट लावून परत आणलं. जाता जाता संचालिकेने एवढं केलं, की बरणीचा फोटो काढून घेतला, सिमेंटच्या कानासकट, आणि तो मोठा करून भट्टीच्या शेजारी लावला. खाली गवंड्याचं नाव आणि ओळखत असल्यास कळवावे अशी विनंती.

प्रदर्शनाला येणाऱ्या कुणीतरी तो फोटो फोनवर कुणाला तरी पाठवला, त्यांनी पुढे पाठवला. आणि थंडी पडायच्या सुमाराला एका रविवारी सकाळी संचालिकेचा मला फोन आला. गवंड्याची मुलगी सापडली होती. तिचाही आता वॉकर घेऊन चालण्याचा काळ. पेनसिल्व्हेनियात राहत होती, मुलगा तिला गाडीने घेऊन येत होता, दुपारी पोचत होती.

मी काकांना घ्यायला गेले तेव्हा ते बाहेर जायचे कपडे करून स्वयंपाकघरात बसले होते. ओट्यावर बरणी. दादरा आज पहिल्यांदा सुटलेला दिसला, आणि नव्याने बांधलेला. गाठ काकांची होती, कशीतरी मारलेली. गाडीत ते बरणी मांडीवर घेऊन बसले आणि अर्धा रस्ता गप्प राहिले. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, त्यांनी खूश असायला हवं होतं. मी तसं म्हणाले.

"तिच्या हातचं एवढंच राहिलंय गं," ते म्हणाले. "बाकी सगळं संपलं. मसाले संपले, पापड संपले. हे मी खात नव्हतो म्हणून राहिलं."

मी म्हणाले, काका, अर्धं काढून घेऊ या, माझ्याकडे गाडीत डबा आहे, त्यांना काय कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काकूंचं "अहो" ऐकू आल्यासारखं वाटलं. "अर्धी बरणी नेऊन देऊ? ती काय म्हणेल मला?" सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी सवयीने बरणीच्या पोटावर बोट ठेवून टकटक केलं. भरलेल्या भांड्याचा भद्द आवाज आला. तो मलाही ऐकू आला.

गवंड्याची मुलगी भट्टीसमोर खुर्चीवर बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, बोटांत अंगठ्या. बरणी बघताच तिने आधी तो सिमेंटचा कान चाचपला. आपणच लहानपणी तो तोडला होता, वडिलांनी कामावरचं सिमेंट आणून जोडला, आणि आईने दोघांनाही बोलून घेतलं होतं, असं ती हसत हसत सांगायला लागली. काकांनी मान खाली घालून, आयुष्यभर घोकलेलं असावं तसं, बरणी परत करायला उशीर का झाला ते इंग्रजीत सगळं सांगितलं. रिकामी देता येत नव्हती, लिंबं मुरत नव्हती, मुरली तोवर तुम्ही गेलात. माझी बायको फार वाईट वाटून घ्यायची, तुमच्या आईने आमच्याबद्दल काय विचार केला असेल म्हणून.

बाई म्हणाल्या की आई शेवटपर्यंत त्या बरणीची आठवण काढायची. घरातले सगळे म्हणायचे, सोड आता, गेली ती. पण ती ऐकायची नाही. ती म्हणायची, ते चांगल्या घरचे लोक आहेत, रिकामी पाठवणार नाहीत, म्हणूनच वेळ लागतोय.

काका खाली बसले. संचालिकेने चष्मा काढून पुसायला घेतला. मी भट्टीतल्या कोंबड्यांच्या गडवांकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघणं शक्य नव्हतं. काकूंना हे एकदा ऐकायला मिळायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं, आणि अजूनही येतं.

मग बाईंनी दादरा सोडला. कमिटीतल्या कुणीतरी पाव आणला. दालनात खायचं नाही हा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही, संचालिकेलाही नाही. बाईंनी काळपट, मऊ, चकाकणारी एक फोड पावावर घेतली आणि आम्ही काही सांगायच्या आत अख्खी तोंडात टाकली. पुढच्या क्षणी त्यांना जोरदार ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, हातवारे, मुलगा पाणी आणायला धावला. काका मात्र एकदम उभे राहिले. कित्येक वर्षांनी त्यांना काय करायचं ते बरोबर कळलं होतं. ते खुर्चीमागे गेले, त्यांनी बाईंच्या पाठीवर तळवा सपाट ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "त्रेंतात्रे."

"त्रेंतात्रे," बाई ठसकत ठसकत म्हणाल्या. आणि मग ठसका थांबला तरी, हसत, रडत, पुन्हा एकदा म्हणाल्या. काकांनी हात लगेच काढला नाही.

बरणी त्या दिवशी पेनसिल्व्हेनियाला गेली. केंद्रात फक्त तिचा फोटो राहिला, तो तिथे अजून आहे. पुढचे काही रविवार काका दारापाशीची हार्डवेअरची कुंडीसुद्धा ठोकेनात. म्हाताऱ्या पाहुण्यांना गाव विचारणंही बंद झालं. विचारायचं कारणच उरलं नव्हतं. दालनं दाखवायचे, पण पुस्तकात लिहिल्यासारखं बोलायचे, आणि ते ऐकणं मला आधीच्या वेडेपणापेक्षा जड जायला लागलं. सनीव्हेलचा मुलगा घर विकण्याचं पुन्हा बोलू लागला होता. काका या वेळी नाही म्हणत नव्हते. बघू म्हणत होते.

आणि एका संध्याकाळी त्यांचा मला फोन. येताना आयसेलिनच्या देशी दुकानातून लिंबं घेऊन ये, पातळ सालीची, चांगली पंचवीस-तीस, हळद आणि तिखट पण आण, लाल पण फार जहाल नको. मी जाऊन पाहते तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर परत द्यायची. सिमेंटचा कान आमच्याकडे करून बसलेली. काठोकाठ खारवलेले ऑलिव्ह भरून आलेली. बाईंनी मुलाबरोबर पाठवली होती, आईच्या पद्धतीने खारवून. सोबत निरोप होता, की आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत. काकांनी सगळे ऑलिव्ह एका पातेल्यात काढून ठेवले होते. एक तोंडात टाकून त्यांनी बराच वेळ चघळला. वाईट नाहीत, असं म्हणाले, आणि मग म्हणाले की भाजीही वाईट नव्हती.

काकांनी जन्मात लिंबू कापलं नव्हतं. लिंबं धुवायची, पुसून अगदी कोरडी करायची, पाण्याचा थेंब राहता कामा नये, हे मी आईला फोनवर विचारून विचारून सांगत होते, कारण मीही आजवर लोणचं दुकानातूनच आणत आले आहे. फोडी मात्र त्यांनी सर्जनने कराव्यात तशा केल्या, एकसारख्या. मीठ चोळलं, हळद, तिखट, साखर घातली. कालवून झालं. बरणीत भरायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, थांब, आणि फ्रिज उघडून त्यांनी मागच्या कोपऱ्यातून औषधाची एक छोटी काचेची बाटली काढली. आत तळाशी चमचाभर काळंभोर लोणचं होतं.

"त्या दिवशी सकाळी निघायच्या आधी दादरा सोडला ना, तेव्हा एवढं काढून ठेवलं होतं," ते म्हणाले. जरा चोरी पकडल्यासारखे. "बरणी भरलेलीच राहिली, बघितलंस ना तू. खायला नाही गं घेतलं. विरजणाला. पुढचं लागायला नको का?"

लोणच्याला विरजण लागत नाही. दही लावावं तसं लोणचं लागत नाही, ते आपलं आपण मुरतं, हे मलाही माहीत आहे. छातीत काय चाललंय ते बोटाने ओळखणाऱ्या या माणसाला काकूंनी इतकी वर्षं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, त्याला हे कोण सांगणार. मी तोंड उघडलं होतं. मग मी चमचा घेतला, बाटलीतलं सगळं खरवडून नव्या फोडींवर घातलं आणि नीट ढवळलं.

"किती दिवस लागतील?" काकांनी विचारलं.

वर्ष तरी, मी म्हणाले. कच्चं परक्याच्या घरी पाठवता येत नाही.

काकांनी मान डोलावली. दादरा बांधला, बरणी उचलली आणि सकाळी ऊन येतं त्या खिडकीत नेऊन ठेवली.